मानाची मोटार

शर्यतीत जो सगळ्यांच्या पुढे येतो तो पहिला. हे वाक्य समजायला माणसाला किती अक्कल लागते? मला वाटायचं, फारशी नाही. मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो, पण हे मला शाळेत जाण्याआधीच समजत होतं. आमच्या नंदुरबारात त्या साली चार मोटारी होत्या, त्या चार मोटारींचं एक मंडळ होतं, मंडळाला मोटारींपेक्षा जास्त पदाधिकारी होते, आणि या सगळ्यांना मिळून हे वाक्य समजलं नाही. उलट त्यांनी ते मलाच असं काही समजावलं, की आता माझं मलाच ते नीट आठवत नाही.

मंडळ मी काढलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या. स्टेशनरोडवर माझं रॉकेल-पेट्रोलच्या डब्यांचं दुकान. मी मंडळ काढलं ते पेट्रोल खपावं म्हणून, असं गावात बोललं गेलं. बोलणाऱ्यांच्या घरी मोटार तर सोडाच, धड चाकाची ढकलगाडी नव्हती. खरं कारण वेगळं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही, इथे सांगतो. या गावात कोण कुठे बसणार, कोण कुणाच्या मागून चालणार, पंगतीत पहिलं ताट कुणाचं, हे माणूस जन्मायच्या आधी ठरलेलं असतं. माझं ताट कायम दाराजवळ, चपलांच्या शेजारी. पण इंजिनाला कुळी नसते. त्याच्या पोटात पेट्रोल घातलं आणि ते नीट जुळवलेलं असलं, तर ते पाटलाच्याही पुढे जातं. मला आयुष्यात एकदा, एकदाच, गावादेखत सगळ्यांच्या पुढे यायचं होतं. बस.

माझी मोटार मी स्वतः जुळवली होती. इंजिन एका मोडीत निघालेल्या गाडीचं, सांगाडा दुसरीचा, गाद्या एका टांग्याच्या. टांगेवाल्याचा घोडा मेला म्हणून त्या मिळाल्या. लोक तिला खटारा म्हणायचे. म्हणोत. सरळ रस्ता मिळाला, की तो खटारा असा पळायचा की धोतर सावरायला हात मोकळा नसायचा.

बाकीच्या तीन मोटारी अशा. कापसाचं जिन चालवणाऱ्या मगनशेठची काळी, आमच्या गावात सर्वांत जुनी आणि मालकासारखीच जपून खाणारी. धुडकूची सर्व्हिस मोटार, जी रोज उतारू भरून तापीच्या काठापर्यंत जायची. आणि हिंमतराव पाटलांची, सुरतेहून आणलेली, हिरवी, एवढी मोठी की तिच्यात निम्मं लग्नाचं वऱ्हाड बसावं.

"दर रविवारी शर्यत घेऊ," मी जिनच्या ओट्यावर म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे होकार नव्हे, झोप येते आहे एवढाच त्याचा अर्थ. पण मी तो होकार धरला.

मग सल्ले सुरू झाले. माझ्या शेजारी भिलानाना राहतात, कचेरीतून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून त्यांची कचेरी माझ्या ओट्यावर भरते.

"सुकलाल, परवानगी लिन्ही का?"

"नाना, स्वतःची मोटार स्वतः पळवायला परवानगी कसली?"

"एक मोटर पळनी त ती मोटर. चार पळन्या त तो जमाव," नाना म्हणाले. "जमावले परवानगी लागस."

माझ्या बायकोने, धनुबाईने, आतून आवाज दिला, "नाना, त्यास्ले ऱ्हाऊ द्या. त्या परवानगी काढाले जातीन त घरना दिवा बी लावानी परवानगी लागी."

ती चेष्टा नव्हती, भविष्य होतं. पण बायकोचं भविष्य ऐकणारा नवरा अजून कुठल्या पत्रिकेत जन्मलेला नाही. मी कचेरीत गेलो.

कचेरीतला कारकून सुपारी कातरत होता. त्याने माझा अर्ज वाचला, उलटा केला, मागे काही नाही असं पाहून निराश झाला.

"कसली शर्यत?"

"मोटारींची."

"बैल किती?"

"एकही नाही."

"मग शर्यत कशी?"

मी त्याला समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. सरकारी माणूस शांतपणे ऐकतो तेव्हा काम होणार नसतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "माझ्याकडे सदरं आहेत ती अशी. जत्रा, तमाशा, कुस्ती, वरात, मिरवणूक. यांतलं काय ते सांगा."

"यांतलं काहीच नाही."

"मग काहीच होणार नाही." त्याने सुपारी तोंडात टाकली. मग त्याला माझी दया आली. दया आली की हे लोक फार धोकादायक होतात. "वरात म्हणू? पण नवरा लागेल. मिरवणूक घ्या. वाहनं आहेत, रस्ता आहे, बघे आहेत. झाली मिरवणूक. अटी पाळा म्हणजे झालं. वाजंत्री असावी, गडबड नसावी, मानकरी पुढे असावा आणि कुणी रांग मोडू नये."

"अहो, रांग मोडली नाही तर शर्यत कसली?"

"तुमच्या गावी मिरवणुकीत पालख्या एकमेकींना मागे टाकतात का?"

मी काही बोलणार तोच त्याने शिक्का मारला. मी भांडलो असतो. मी भांडायला भीत नाही, हे गावातलं कुत्रंही सांगेल. पण शिक्का बसलेल्या कागदाशी भांडता येत नाही, ते भिंतीशी भांडण्यासारखं. तिथून माझ्या शर्यतीची मिरवणूक झाली.

आता जागा. नंदुरबारात मोकळी, सपाट, मोठी जागा एकच. गावाबाहेर जिथे मिरच्या वाळत घालतात त्या पथारी. लाल मिरच्यांच्या दोन अफाट चटयांमधून एक रुंदशी वाट जाते, पार नाल्याकाठच्या पिंपळापर्यंत. पिंपळाला वळसा घालायचा आणि परत यायचं. उत्तम. फक्त ती जमीन हिंमतराव पाटलांची. आणि ज्याची जमीन तो अध्यक्ष, हे मंडळाने मला न विचारता ठरवून टाकलं.

हिंमतराव माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाशी सरळ लढता येतं. ते प्रेमळ होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुकलाल, जमीन तुन्हीच समज. मन्ही मोटर बी शर्यतमा येई."

"आबा, चालवणार कोण? तुम्ही?"

"मी कसाले? चालवाले धनसिंग शे. मी मांगे बठसू."

शर्यतीत मागच्या गादीवर पानाचा डबा घेऊन बसणारा स्पर्धक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पहिला रविवार उजाडला. अर्धं गाव लोटलं होतं. मी पहाटेपासून इंजिन पुसत होतो. चारही मोटारी ओळीत लावल्या आणि भिलानानांनी उपरणं हलवलं की सुटायचं असं ठरलं. नानांनी उपरणं वर नेलं, तेवढ्यात हिंमतरावांच्या घरच्या निर्मलाबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. हिरव्या मोटारीच्या कपाळाला, म्हणजे जिथे मोटारीचं कपाळ असावं असं त्यांना वाटलं तिथे, कुंकू लागलं. नारळ फुटला. वाजंत्री सुरू झाली. हिरवी मोटार हलली, आणि आम्ही तिघे जागच्या जागी धूर सोडत उभे.

"नाना, उपरणं!" मी ओरडलो.

"सबूर," नाना म्हणाले. "पोळाले पाटलांना बैल तोरणखालतून गयाशिवाय दुसरांना जास का?"

"नाना, ही मोटार आहे!"

"मंग? तिनी बैलनी जागा लिन्ही ना? मंग बैलना मान बी तिलेच."

हिरवी मोटार चांगली पुढे गेल्यावर उपरणं हललं आणि आम्ही सुटलो. माझी मोटार त्या दिवशी तापलेल्या सांडासारखी फुरफुरत होती. क्षणात मी मगनशेठच्या मागे. भोंगा वाजवला. शेठ बाजूला होईनात. ते आबांपासून जेवढ्या अंतरावर जमिनीवर चालतात तेवढ्याच अंतरावर मोटारीतही चालत होते.

"शेठ, पुढे चला नाहीतर वाट द्या!"

शेठनी मान बाहेर काढली. "सुकलालभाई, शर्यत रविवारी. माझं जिन रोज. कापूस आबांच्या शेतातून येतो."

धुडकूने तर कहर केला. त्याने शर्यतीत उतारू भरून आणले होते. रविवार फुकट कशाला घालवायचा, असं त्याचं म्हणणं. त्यातल्या एका म्हातारीला वाटलं मोटार शहाद्याकडे निघाली आहे. पिंपळाला वळसा घातल्यावर तिने असा गळा काढला, की धुडकूला वाटेत थांबून तिची समजूत घालावी लागली. शर्यत चालू असताना थांबलेल्या मोटारीतून उतरून दोघे जण आडोशालाही जाऊन आले.

आणि मिरच्या. मिरच्यांचा मी विचारच केला नव्हता. चार मोटारींनी जो फुफाटा उडवला, त्याबरोबर दोन्ही बाजूंच्या मिरचीचा खकाणा वर गेला आणि वाऱ्याने तो नेमका बघ्यांवर नेऊन घातला. गावातली सगळी इज्जतदार माणसं एकाच वेळी शिंकताना मी तेव्हा पाहिली. वाजंत्रीवाल्याची सनई मध्येच शिंकली. पथारीवर मिरच्या उलटायला येणाऱ्या बायकांना त्याची सवय, त्या पदर नाकाला लावून हसत होत्या. त्यांतली कालीबाई मला म्हणाली, "भाऊ, सरकारले सांगा, लढाईमा तोफ नको, तुमनी शर्यत धाडा."

अशा वातावरणात हिंमतराव पहिले आले. ते पहिलेच निघाले होते. त्यांना हार घातला गेला. मी चिडून म्हणालो, ही शर्यत नव्हे. सगळे म्हणाले, पहिलीच वेळ आहे, होईल सुधारणा.

दुसऱ्या रविवारी सुधारणा अशी झाली, की आदल्या दिवशी कुणीतरी नाल्याचं पाणी शेताला फिरवलं होतं आणि पिंपळाजवळची काळी माती लोण्यासारखी झाली होती. हिरवी मोटार तिथे आसापर्यंत रुतली. मला वाटलं, देव आहे. पिंपळाच्या डाव्या बाजूने कोरडी जागा होती, मी चाक वळवलंसुद्धा. पण मगनशेठ थांबले, धुडकू थांबला, आणि दोघांनी मिळून माझी वाट अशी काही अडवली, जणू मी मयताच्या घरावरून वाजतगाजत निघालो होतो.

"आबा रुतेल शेत आन तू पुढे जास?" धुडकू म्हणाला. "लाज शे का?"

"अरे, ही शर्यत आहे! त्यासाठीच तर पळतो आपण!"

"तुन्ह ठीक शे. मन्ही मोटर रोज आबांना गाववरथीन जास."

मग हिंमतरावांच्या खळ्यातून बैलजोडी आली. बैलांनी हिरवी मोटार उपसून काढली. पण तिच्या पोटात चिखल गेला होता, ती चालू होईना. तेव्हा बैल सोडायचे कशाला, असा विचार होऊन ते तसेच जुंपलेले राहिले. पुढे बैल, त्यांच्या मागे बंद मोटार, मोटारीत पान लावणारे आबा, आणि त्यांच्या मागे आम्ही तीन चालू मोटारी, बैलांच्या पावलाने. आबा पहिले आले. बैलांनाही हार घातले. खरं सांगायचं तर त्या दिवशी तो हार फक्त बैलांनी कमावला होता.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. धनुबाई म्हणाली, "सोडी द्या ना ते मंडळ."

"सोडायचं कशाला? माझी मोटार त्यांच्यापेक्षा चांगली पळते. हे एकदा सगळ्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे."

"डोया शेत, पन दखाले तयार शेत का?"

मी तिला म्हणालो, तुला मोटारीतलं कळत नाही. तिने मोटारीबद्दल काही म्हटलंच नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी ठरवून गेलो. जमीन जावो, मंडळ जावो, मगनशेठचं जिन आणि धुडकूची लाइन जावो खड्ड्यात. मी मागेच राहिलो, अगदी नम्र. सगळ्यांना वाटलं, आला वळणावर. पथारी जिथे संपते आणि पिंपळाच्या अलीकडे पडीत सुरू होतं, तिथे वाट रुंद होते. तिथे मी पाय दाबला. धुडकूला टाकलं, त्याच्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या, बिचाऱ्यांना परंपरा माहीत नव्हती. मगनशेठला टाकलं, त्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे पुढे साक्ष द्यायला नको. मग हिरवी मोटार. धनसिंगने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पायाखालीही दाबायला जागा होती, आणि त्याचा पाय शिवशिवत होता हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मागून आबांचा आवाज आला, "हयू, धनसिंग, पान सांडस!" आणि धनसिंग तिथेच राहिला. मी पुढे गेलो.

मी पुढे गेलो हो! पिंपळाला वळसा घातला आणि परतीच्या वाटेवर माझ्यापुढे काहीच नव्हतं. धूळ नाही, मोटार नाही, कुणाची पाठ नाही. चाळीशी गाठलेल्या माणसाने एकट्याने मोठ्याने हसू नये, तसा मी हसलो. पथारीवर कालीबाई हातातलं फावडं उंचावून ओरडली, "पयला! भाऊ पयला!"

मी रेघ ओलांडली. मागे वळून पाहिलं, हिरवी मोटार अजून पथारीच्या मध्यावर. उतरलो आणि उभा राहिलो. छाती फुगली होती. वाजंत्रीवाले माझ्याकडे पाहत होते, पण वाजवत नव्हते. भिलानाना माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते.

"नाना, मी आलो."

"दखी ऱ्हायनू ना. बाजूले सरक, आबा ई ऱ्हायनात."

हिरवी मोटार आली. वाजंत्री सुरू झाली. हार पडला. मी मध्ये घुसलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "आबा, पहिला मी आलोय! तुम्हाला मागे टाकून आलोय!" एवढं मोठ्याने आणि एवढं स्पष्ट या गावात आजवर कुणी पाटलाशी बोललं नसेल. मला वाटलं, आता काठ्या निघतील. निघोत. काठ्या निघाल्या तर निदान मी पहिला आलो हे त्यांनी मान्य केलं असं होईल.

हिंमतराव खाली उतरले. माझ्याकडे टक लावून पाहिलं. आणि त्यांचा चेहरा प्रेमाने भरून आला.

"दखा रे!" ते लोकांना म्हणाले. "साहेबनी गाडीपुढे चोपदार धावस, तसा सुकलाल आज मन्हा पुढे धावना. वाटमा कुत्रं नही, ढोर नही. पुरी वाट मोकयी करी दिन्ही. याले म्हनतस माया!"

"आबा, मी वाट मोकळी करायला नाही, जिंकायला..."

"फेटा आना!"

फेटा आला. लाल, जरीच्या काठाचा. आबांनी स्वतःच्या हाताने तो माझ्या डोक्याला बांधला. मी बोलतच होतो. पण वाजंत्री वाजत होती, आणि फेट्याचा एक पदर तोंडावरून जात होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं असावं. नेमका त्या वेळी फोटोवाला नव्हता, ही देवाची एकमेव कृपा. पहिला कोण आला हे मोठ्याने सांगणारी कालीबाई तेवढी एक होती, आणि तिला मंडळात विचारणार कोण?

घरी आलो तर धनुबाई फेट्याकडे पाहत राहिली. "तुमी पयले उनात ना? मंग तोंड असं कसाले?" मी सांगितलं. तिने फेटा माझ्या डोक्यावरून उतरवला आणि घडी करून ठेवला. ती हसली असती तर परवडलं असतं.

पुढच्या शनिवारी धनसिंग निरोप घेऊन आला. "आबांनी सांगेल शे, सकाय बी पुढे तुन्हीच मोटर. फेटा घालीसन ये." मग जाता जाता हळूच म्हणाला, "सुकलालभाऊ, त्या दिवशी दाबतू ना, त तुले सोडतू नही."

"माहीत आहे," मी म्हणालो.

रात्रभर विचार केला, आणि मला सूड सापडला. त्यांच्याच कायद्यातला सूड. मी चोपदार ना? मग चोपदाराला मागे टाकून मालक पुढे धावला, तर तो मालक कसला? म्हणजे मी जसा जाईन तसं सगळ्यांना माझ्या मागून यावं लागणार. ठीक आहे.

चौथ्या रविवारी फेटा घालून मी पुढे लागलो. उपरणं हललं आणि मी मोटार पहिल्या गिअरमध्ये घातली आणि तशीच ठेवली. माणूस मयताला चालतो तशी. मागून हिरवी मोटार आली आणि तिला थांबत थांबत यावं लागलं. माझ्या धुराचा लोट सरळ आबांच्या पानाच्या डब्यात. त्यांच्या मागे मगनशेठ, त्यांच्या मागे धुडकू आणि त्याचे उतारू. वाजंत्रीवाले धावायच्या तयारीत होते, ते आरामात चालत आमच्या बरोबर आले. पोरं मोटारीच्या पुढे जाऊन परत येत होती. मिरचीचा एक कण उडाला नाही. मी मनात म्हणत होतो, आता कुणीतरी ओरडेल. आता धनसिंग भोंगा वाजवेल. आता आबा म्हणतील, सुकलाल, पळव रे! एवढंच, हे एकच वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. पळव रे.

पिंपळ आला. पिंपळ गेला. कुणी काही म्हणालं नाही.

इंजिन तापत गेलं. पळायला जुळवलेलं इंजिन रांगायला लावलं की ते आतल्या आत उकळतं. रेघेवर पोचलो तेव्हा झाकणातून वाफेचा फवारा उडाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो कारंजा वाटला.

कचेरीतले साहेब त्या दिवशी पाहुणे होते. ते उठून म्हणाले, इतकी शिस्तबद्ध शर्यत आपण पाहिली नाही. निर्मलाबाई म्हणाल्या, आज पहिल्यांदा सगळं डोळे भरून दिसलं. म्हाताऱ्यांना बरोबर चालता आलं. कुणी शिंकलं नाही. भिलानानांनी तिथल्या तिथे ठराव मांडला, की यापुढे दर रविवारी हाच वेग ठेवावा आणि कुणी पळवू नये. मगनशेठनी अनुमोदन दिलं. धुडकूने विचारलं, दोन उतारू जास्त घेतले तर चालतील का. चालतील म्हणाले.

हिंमतराव माझ्याजवळ आले. धुराने त्यांचं तोंड काळवंडलं होतं, डोळे लाल झाले होते, आणि ते समाधानाने हसत होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"सुकलाल," ते म्हणाले, "आज तू सुधरना रे भो."

मोटारीतून भकाभका वाफ येत होती. तिच्यात पाणी ओतायला चार माणसं घागरी घेऊन धावत आली. मला पाणी हवं का, हे कुणी विचारलं नाही.